मंगळवारचा धूर

मी आता सांगतो ते तुमच्यापैकी कुणालाही खरं वाटणार नाही. माझं हे एक बोट शार्कने नेलं, तेही तुम्हाला कुठे खरं वाटतं? नका मानू. आज मंगळवार, समुद्रदेवाचा दिवस. होड्या वाळूवर, तुमचे हात जाळी सांधण्यात अडकलेले. उठून जाणार कुठे?

तोही मंगळवारच होता. वकील एसिल्फी अनवाणीच धावत आला बेंटसिलच्या दारात. बेंटसिल हा आपल्या किनाऱ्यावरचा एकुलता एक गुप्तहेर. बंद पाकिटातलं पत्र वासावरून वाचायचा. त्याचा जोडीदार टायडू लॉरी चालवायचा, आणि त्याचं डोकं चढावरच्या भरलेल्या लॉरीसारखं चालायचं.

गावाला स्वतःची नगरपालिका द्यायची का, हे ठरवायला गव्हर्नरने नेमलेली समिती दुसऱ्या दिवशी येणार होती. नगरपालिका आपली, सभासद आपण निवडलेले. तिची घटना एसिल्फीने अकरा वर्षं खपून लिहिली होती. हस्तलिखित, टाइप केलेली प्रत, कार्बनप्रत, सगळं लाल फितीने बांधलेल्या एकाच गठ्ठ्यात. तो गठ्ठा टेबलावरून नाहीसा झाला होता.

सकाळपासून एसिल्फीच्या घरात तिघंच येऊन गेली होती.

पहिला राजाचा प्रवक्ता. नगरपालिका आली की राजाचा निम्मा मान जाणार. पण विरोध करायचा तर मी भर दरबारात काठी आपटून करतो, असं तो ताठ मानेने म्हणाला.

दुसरा टाइप करणारा कारकून ऑटू. त्याला नव्या नगरपालिकेत चिटणीसाची जागा कबूल झाली होती. गठ्ठा गेला तर नोकरीही गेली, म्हणून तो रडकुंडीला आला होता.

तिसरी एसिल्फीची थोरली बहीण अराबा. मासळीला धुरी देऊन, ती विकून तिनेच भावाला विलायतेला धाडलं होतं. दुपारी त्याचं जेवण घेऊन आली होती.

तिच्या अंगणात टायडू डोळे चोळत खोकू लागला. खोकता खोकता त्याने एखादा मासा मागितला.

"एकही नाही रे. कालचे सगळे सकाळीच खपले," अराबाने धुरीच्या भट्टीवरच्या रिकाम्या जाळ्या दाखवल्या.

बेंटसिलने सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"टायडू, तू खोकलास कशाने?"

"धुराने."

"आज एकही होडी गेली नाही. कालची मासळी संपली. मग ही भट्टी कशाला धुरी देत होती?"

टायडूला कळायच्या आत बेंटसिलने राख उकरली. लाल फितीचं टोक निघालं.

अराबा खोटं बोलली नाही. "ऑटूने मला घटनेतलं मताचं कलम हसत हसत वाचून दाखवलं. मत कुणाला, तर ज्याच्या स्वतःच्या नावावर घर आहे त्याला." ती भावाकडे वळली. "इथलं घर आईच्या कुळाचं असतं, बाळा. सगळ्यांचं, म्हणून कुणाच्याच नावावर नाही. मत मिळणार कंपनीच्या गोऱ्यांना आणि वेगळं घर बांधलेल्या तुला. मी तुला जेवताना विचारलं. तू काय म्हणालास?"

एसिल्फी खाली राखेतच बसला. "म्हणालो, ताई, हे कायद्याचं आहे, तू रस्सा वाढ." मग फितीचं टोक उचलून म्हणाला, "विलायतेच्या कायद्यातून जसंच्या तसं उतरवलं मी. आपलं घर कुणाचं आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

समिती आली, गाव अजून तयार नाही असं लिहून गेली. एसिल्फीला आठवून पुन्हा लिहिता आलं असतं. त्याने पेन उचललं नाही. नगरपालिका आली नऊ वर्षांनी, सगळ्यांच्या मतांची. रांगेत पहिली अराबा होती, भावाची काठी टेकत. भाऊ दोन वर्षांपूर्वीच गेला होता.

ऑटूचं पुढे काय झालं कुणास ठाऊक. मी तेव्हा गावात नव्हतोच, खोल समुद्रात शार्कशी भांडत होतो.

जाळ्यावर मान वाकवून बसलेली अराबाची नात एसी वर न बघता म्हणाली, "आजोबा, ऑटू नावाचा कुणी नव्हताच. आजी सांगायची, टाइप करणाऱ्याला नऊच बोटं होती. ते कलम तुम्ही आधी वकिलाला का नाही दाखवलंत?"