शाडूला आतून टिचकी

मूर्ती सुकली की रंगाला घेण्याआधी तिला नखाने टिचकी मारून ऐकायचं, ही आमच्या हमरापुरातली रीत. आवाज टणक आला तर मूर्ती धड. बोदा आला तर आत तडा आहे समजायचं आणि ती पुन्हा भिजत घालायची. भंगलेला गणपती कोणी मखरात बसवत नाही. आमच्या कारखान्यात हे काम माझ्या बायकोचं, नूतनचं.

यंदा तिला सातवा लागला होता. याआधी दोनदा पोट पडलं होतं, म्हणून रोह्याजवळच्या अष्टमी गावाला, माहेरी जा म्हणून मी तिच्या मागे लागलो होतो. 'एवढ्या मूर्ती रंगाला जाऊ देत, मग जाते,' हे तिचं ठरलेलं उत्तर. मी दमलेलो होतो. दमलेला माणूस भांडत नाही, उद्यावर टाकतो.

शेतांपलीकडे गॅसवाल्या कंपनीने बोअर मारला होता. खोल भोक पाडायचं, पाणी, वाळू आणि कसली कसली रसायनं दाबाने कोंबायची, खडक तडकवायचा आणि फटींतून गॅस वर ओढायचा, असं ग्रामसभेत सांगितलं होतं. दाब चालू असला की पायाखाली गिरणी चालल्यासारखी जमीन थरथरायची. मग आमच्या विहिरीला फेस यायला लागला आणि तळातून बुडबुडे. ते पाणी आम्ही प्यायचं सोडलं. प्यायला पेणहून शरीफभाईचा टँकर यायचा. पण शाडू मळायला टँकरचं पाणी कोण घालवणार? मूर्ती काय पाणी पितात? सगळ्या कारखान्यांनी हाच शहाणपणा केला. नूतनचे हात उन्हाळाभर कोपरापर्यंत त्या चिखलात होते.

एका दुपारी जेवणं आटोपून ती टिचक्या मारायला बसली. मी साच्याला तेल लावत होतो.

"अवो, जरा हिकडं या. ही परत वाजते."

"म्हंजे?"

"मी मारली ना, की थोड्या येळानं आतनं वाजते."

मी बी.एस्सी. झालेला माणूस. सुकताना माती ताण घेते, आत ओल असली तर टकटक होणारच, असं तिला समजावलं आणि स्वतः टिचकी मारली. एक श्वास घ्यावा एवढा वेळ गेला. मग आतून टक. शेजारची घेतली, तिचंही तेच. कंपनीचा दाब असेल म्हणून मी पुन्हा साच्याला तेल लावायला बसलो. दुसऱ्या दिवशी कंपनी बंद होती, पायाखालची जमीन मुकी होती. मूर्ती तरी उत्तर देतच होत्या.

पुढच्या खेपेला शरीफभाई टँकरचा पाइप लावून कारखान्याच्या दारात थबकले.

"सुजय, आत कोन काम करतंय रे?"

आत कोणी नव्हतं. नूतन अंगणात माझ्याजवळ उभी होती.

फळ्यांवरच्या मूर्ती एकामागून एक वाजत होत्या. घाई नव्हती. एक टक, थोडं थांबणं, मग पुढची. शरीफभाईंनी बराच वेळ कान दिला.

"हे तर तुमच्यासारखंच हाय," ते म्हणाले. "तुमी नाय का ठोकून बघत, तसं."

तेवढ्यात एक आवाज बोदा आला. तिथून तो पुढे गेला नाही. तिथेच वाजत राहिला, भराभर.

मी जाऊन ती मूर्ती उचलली. पाठीवर केसाएवढा तडा गेला होता. माझ्या हातातच तो रुंद झाला. आत पोकळी होती, दुसरं काही नाही. कारखाना एकदम शांत झाला.

मला भीती वाटली, सरळ सांगतो. त्याच दुपारी नूतनला घेऊन मी रोह्याची गाडी पकडली. तिने एकदाही हुज्जत घातली नाही, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. अष्टमीला तिला सासूबाईंच्या, विमलबाईंच्या, हवाली केलं. परत येऊन सगळ्या मूर्ती पाण्यात सोडल्या आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. खाल्ल्या तर खाल्ल्या. हे मूल तरी राहू दे, एवढंच मागणं होतं.

आठवड्याने भेटायला गेलो. नूतन पडवीत भिंतीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला.

"बाळ लई हलतंय, सुजयराव," विमलबाई खुशीत म्हणाल्या. "लाथा मारतंय नुसतं."

नूतनने माझा हात धरून पोटावर ठेवला.

तळहाताला आतून लागलं. नखाएवढंच.

मग काही नाही.

मग दोन बोटं बाजूला. पुन्हा एकदाच.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने श्वास रोखून धरला होता.

मग जरा खाली.

"बघा, कसं खेळतंय ते," विमलबाई म्हणाल्या.

"बोलू नको गो आई," नूतन हळूच म्हणाली. "होऊ दे त्याचं तपासून."