पाचची पालखी तीन वाजता

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं इंटरनेट पुरवण्याचं ऑफिस आहे. शेजारी फरसाणचा कारखाना, त्यामुळे आमच्या इंटरनेटला कायम शेवेचा वास. माझं काम एक पेटी सांभाळणं. आजूबाजूचे लोक तेच तेच व्हिडिओ मागतात. दर वेळी लांबून आणण्यापेक्षा पेटी एक प्रत जवळ ठेवून घेते. वाणी दुधाच्या पिशव्या फ्रीजमध्ये ठेवतो, तसं. फक्त कोणीतरी आधी पाहिल्याशिवाय पेटीत काही येत नाही.

रविवारी पाच वाजता आमच्या गावची पालखी होती. लाइव्ह. सेक्टरमधली निम्मी मालवणी घरं बघणार होती. मालक हर्षदनं बजावलं होतं, व्हिडिओ अडकून स्क्रीनवर गोल फिरलं तर तुलाही घरी फिरवीन.

तीन वाजता पेटी तपासली. पालखी आत होती. पूर्ण.

गेल्या वर्षीची असेल म्हणून उघडली. दांडा खांद्यावर घेतलेले बाबा दिसले. अंगात पोपटी शर्ट. तो मी गेल्याच आठवड्यात गावी पाठवला होता. इतका वाईट रंग दुसरं कोणी निवडत नाही. देवळाच्या तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय घसरला. डोकं दगडावर. मग थोडा वेळ ढोल, आणि नंतर तोही नाही.

बाबांना फोन करून सांगितलं, खांदा देऊ नका. मान अकरा वर्षांनी आमच्या घराकडे आला होता. बाबा हसले आणि फोन ठेवला.

मी व्हिडिओ डिलीट केला. पाच मिनिटांत परत. सोळा वेळा केला. दर वेळी पाहणाऱ्यांचा आकडा एक.

पाचला दहा कमी असताना पेटीची वायर उपटली.

सव्वापाचला हर्षद मोबाईल घेऊन आला. पालखी पायऱ्यांवर, आणि वर गोल फिरतंय.

"पेटी बंद आहे ना? मग थेट गावाहून यायला पाहिजे."

"हो."

"लाव परत."

"नाही लावणार."

बाबांना फोन लावला. उचलला.

"पालखी पायरेर इली आणि थांबली रे. कोणच हलना नाय."

"तुम्ही?"

"माझो पाय वर आसा. खाली येना नाय."

म्हटलं, येऊ देऊ नका.

आज गुरुवार. नोकरी गेली. पेटी पिशवीत घालून मी घरी आणली.

रोज अंधार पडला की बाबांना फोन करतो. पाय दुखत नाही, म्हणतात. फक्त ऊन डोळ्यांवर येतं.