सहा हिरवे दिवे

“बुडवा! बुडवा त्या कप्तानाला!” पर्ल कठड्याच्या दांडीवर चढून ओरडली.

“अगं, तो आपला बाबा आहे!” कोरानं तिचा शर्ट धरून तिला खाली ओढलं.

“म्हणून काय झालं? सगळेच ओरडतायत!”

खरंच, लास व्हेगसच्या त्या रस्त्यावरचे हजारभर लोक एकच गलका करत होते. ‘पेलिकन बे’ कॅसिनोसमोरच्या तळ्यात दोन जहाजं समोरासमोर उभी होती. एक चाच्यांचं, एक राणीच्या आरमाराचं. राणीच्या जहाजाचा कप्तान, म्हणजे रस लेडबेटर, निळा कोट घालून दोरीच्या शिडीवरून खाली उतरत होता. त्याचे पाय फळीला लागले आणि तोफ कडाडली. डोलकाठीचं टोक धडाडून पेटलं. जहाज कलंडू लागलं. कप्तान मात्र ताठ उभाच! गुडघ्यापर्यंत पाणी, छातीपर्यंत पाणी... शेवटी पाण्यावर फक्त त्याची टोपी तरंगत राहिली.

“आजची दुसरी हार,” बारा वर्षांचा डँटे ओकांपो गंभीरपणे म्हणाला. “अजून तीन बाकी. कोरा, जगात इतक्या वेळा हरलेला माणूस दुसरा नसेल.”

“आणि इतक्या वेळा वर आलेलाही नसेल,” कोरानं सुनावलं.

डँटेची आई लिगाया इथल्या कपडेखान्यात होती. ओले पोशाख वाळवायचे, उसवलेले शिवायचे, हे तिचं काम. वसंताची सुट्टी लागल्यापासून ही तिघं दुपारपासून मागच्या अंगणात पडलेली असत. आत कॅसिनोत मुलांनी जरा रेंगाळलं की पहारेकरी हाकलायचे. अंगणात कुणी काही म्हणत नसे.

थोड्या वेळानं बाबा पाणी निथळत अंगणात आला, बाकावर बसला आणि एका हातानं गुडघा चोळत दुसऱ्या हातानं टाको खाऊ लागला.

“आज माझ्या नावानं कोण जास्त ओरडलं?”

“मी!” पर्ल अभिमानानं म्हणाली.

“शाब्बास! घरभेदी कुठली!” बाबा हसला. “रविवारी तलावावर जाऊ या का? खऱ्या होडीतून? न बुडणाऱ्या?”

“रविवारी तुला सुट्टी कुठाय?” कोरानं विचारलं.

“मागून घेईन,” बाबा म्हणाला.

तो गुरुवार होता.

शुक्रवारी सकाळपासून वाळवंटाकडून वारा सुटला होता. चार वाजताच्या खेळाला कोरा कपडेखान्यात लिगायामावशीला बटणं शोधून देत होती. तोफ वाजली तेव्हा तिनं मानही वर केली नाही. पण मग गलका झाला नाही. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. लिगायामावशीची सुई हातातच थांबली.

बाबा शिडीवर असतानाच डोलकाठी पेटली होती.

दवाखान्यात बाबाच्या गळपट्टीचं हाड बांधलं होतं आणि डाव्या कानावर कापसाची मोठी गादी होती. आई कॅसिनोतल्या पत्ते वाटायच्या टेबलावरून तशीच, काळ्या जाकिटात धावत आली होती. खेळाचे व्यवस्थापक क्रूगर हातात टोपी घेऊन पलंगाशी उभे होते.

“वाईट झालं, रस. पण नियंत्रण खोलीतल्या पाट्यावर सहाच्या सहा दिवे हिरवे होते,” ते म्हणाले. “तुला उतरायला उशीर झाला. वय होतं माणसाचं. तुझ्या जागी कुणीतरी तरुण घ्यावा, असं वरच्यांचंही मत पडतंय.”

बाबानं छताकडे बघितलं. “वाऱ्यानं दोर गुंतला होता,” तो हळूच म्हणाला. “पण... झाला असेल उशीर. बहुतेक माझंच चुकलं.”

कोराच्या डोळ्यांपुढे बाकावर बसून गुडघा चोळणारा बाबा आला. तिच्या मनात एक विचार आला आणि तो तिथंच अडकून बसला. ती झटकन बाहेर गेली. दवाखान्याच्या बोळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत किती चकरा मारल्या, तिचं तिलाच कळलं नाही.

शनिवारी सकाळी बाबा घरी आला. त्याला खुर्चीत बसवेना. तो स्वयंपाकघरातून अंगणात आणि अंगणातून स्वयंपाकघरात फिरत राहिला. पायरीवरून उतरताना दर वेळी थांबायचा, आपल्याच पायांकडे बघायचा. कोराला ते बघवेना.

“कोरा,” पर्ल दुर्बीण गळ्यात घालून आली, “अर्नीकाका ओरडत होते तरी तोफ का वाजली?”

“कोण ओरडत होतं?”

“अर्नीकाका! तळ्याकाठच्या खोट्या किल्ल्यावरचे पाहणारे! मी दुर्बिणीतून बघत होते ना. ते असे हात हलवत होते.” पर्लनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवले. “थांबा, थांबा, असं.”

“पर्ल, एक हात की दोन?”

“दोन! मला काय मोजता येत नाही?”

कोरा ताडकन उठली. डँटेचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. तिथंपर्यंत ती पळतच गेली.

“नीट ऐक,” ती धापा टाकत म्हणाली. “तळ्याभोवती सहा पाहणारे असतात. प्रत्येकाकडे एक बटण. आपल्या समोरची जागा मोकळी असेल तरच बटण दाबून धरायचं. दाबलेलं असेल तोवरच पाट्यावर दिवा लागतो. सहा दिवे लागले तरच तोफ आणि स्फोट. एकानं जरी बोट उचललं, तरी सगळं थांबतं. बाबानं मला शंभरदा सांगितलंय.”

“बरं मग?”

“अर्नीकाकांचे दोन्ही हात हवेत होते!”

डँटेचा घास तोंडातच राहिला. “मग बटण कोण दाबत होतं? त्यांचं नाक?”

“तेच तर शोधायचंय!”

अपघातामुळे खेळ रविवारपर्यंत बंद होता. दुपारी लिगायामावशी पाहणाऱ्यांची जाकिटं धुवायला गोळा करणार होती. “मी आणतो, आई!” डँटे म्हणाला, तशी तिनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

अर्ध्या तासानं तो जाकिटांचा ढीग घेऊन मागच्या अंगणात कोरा आणि पर्लकडे आला. त्याचे डोळे चमकत होते.

“अर्नीकाकांच्या बटणाच्या डबीवर चिकटपट्टीचा डाग आहे! पट्टी काढलीय, पण गोंद तसाच आहे आणि त्याला वाळू चिकटलीय. बाकीच्या डब्यांवर पट्ट्यांचे असे थरावर थर आहेत, काढल्या-लावल्याचे. एक जण दिसला तिथं. म्हटलं, काका, हे काय? तर म्हणाला, पंधरा मिनिटं दाबून अंगठा बधिर होतो रे. जरा सुटला की खेळ अडकतो, गर्दी पांगते आणि क्रूगरसाहेब डोकं खातात. साहेबांनीच तर पट्टी आणून दिली!”

“म्हणजे दिवे कायमचे हिरवे!” कोरा म्हणाली. “पुढं माणूस असो नाहीतर नसो!”

तिघं अर्नीकाकांना शोधत गेली. ते अवजारांच्या खोलीत पाठमोरे बसले होते. कोरानं विचारताच त्यांचे खांदे आकसले.

“घरी जा, पोरांनो.”

“काका, तुम्ही तोफ थांबवायला हात केलेत ना? सांगा ना सगळ्यांना!”

“मला दोन लेकरं आहेत, कोरा. घरी जा.” त्यांनी मान वर केली नाही.

“चिडू या का त्यांच्यावर?” बाहेर आल्यावर पर्लनं विचारलं.

“नंतर,” कोरा म्हणाली. ती येरझाऱ्या घालू लागली. “उद्या तीन वाजता अग्निशमन दलाच्या हॅस्केलबाई तपासायला येणार. तेव्हा सगळे शहाण्यासारखे अंगठा लावून बसतील. बाई सही करून जातील. मग पट्ट्या पुन्हा लागतील, आणि चार वाजता त्या शिडीवर दुसरा कुणीतरी असेल.”

“बाईंना आधीच सांगू या,” डँटे म्हणाला.

“काय सांगणार? नऊ वर्षांच्या मुलीनं दुर्बिणीतून बघितलं? क्रूगर हसतील आणि डब्या पुसून काढतील. नाही. बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं. दिवे हिरवे, आणि बटणापाशी कुणीच नाही.”

“पण ती सहा माणसं आपापल्या जागा सोडून खाली कशी येतील?”

पर्लनं दोघांकडे कीव आल्यासारखं बघितलं. “डोनट!” ती म्हणाली.

रविवारी सव्वातीनला तपासणी संपली. हॅस्केलबाई, उंच, पांढऱ्या केसांच्या, कागदांची फळी काखेत मारून गाडीकडे निघाल्या. कोरा त्यांच्या वाटेत उभी राहिली.

“मॅडम, बटणावर बोट नसेल तर दिवा लागेल का?”

“अजिबात नाही. त्यासाठीच तर ते बटण आहे. तू कोण?”

“कप्तानाची मुलगी. मॅडम, फक्त वीस मिनिटं थांबाल? आणि मग पाटा पुन्हा एकदा बघाल?”

बाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. मग घड्याळाकडे. “वीसच,” त्या म्हणाल्या आणि गाडीच्या टपावर फळी ठेवून चक्क उभ्या राहिल्या.

ती वीस मिनिटं! कोरानं गाडीभोवती अकरा फेऱ्या मारल्या. तेवढ्यात अंगणातून डँटेची शीळ आली.

“चला, मॅडम!”

नियंत्रण खोलीत क्रूगर खुर्चीत रेलले होते. बाईंना बघून ते धडपडत उठले. “मॅडम? काही राहिलं का? आणि ही मुलगी इथं काय करतेय?”

“पाटा बघायचाय,” बाई म्हणाल्या.

पाट्यावर पाच दिवे हिरवेगार जळत होते. सहावा विझलेला होता.

“बघा!” क्रूगर छाती पुढं काढून म्हणाले. “खेळाला अजून पंचवीस मिनिटं आहेत, आणि माझी माणसं आत्तापासून जागेवर! अंगठा दाबून तयार! तो सहावा अर्नी, तो आळशीच आहे. पण हे पाच? जागेवरून हलायचे नाहीत!”

“हलायचे नाहीत?” कोरानं विचारलं.

“इंचभरही नाही!”

कोरानं खिडकी उघडली. खाली अंगणात गुलाबी खोक्याभोवती घोळका जमला होता. प्रत्येकाच्या पाठीवर पिवळ्या अक्षरांत ‘पाहणारा’ लिहिलेलं होतं. मधोमध पर्ल उभी राहून खणखणीत आवाजात मोजत होती.

“अर्नीकाका, एक! लुईसकाका, दोन! अहो, तुम्ही दोन घेतलेत, एक ठेवा परत! तीन! चार! पाच! आणि हे सहा!”

“सगळे आले का गं, पर्ल?” कोरानं वरून विचारलं.

“सगळेच! तोंडं साखरेनं भरलीत!”

हॅस्केलबाईंनी खाली बघितलं. मग पाट्याकडे. पुन्हा खाली. क्रूगरांचा हात पाट्याकडे सरकला, तसं बाई न वळताच म्हणाल्या, “हात लावू नका.”



“मिस्टर क्रूगर,” बाई म्हणाल्या, “ही पाच बटणं या क्षणी कोण दाबतंय?”



“मी सांगतो.” दारात अर्नीकाका उभे होते. खिडकी उघडलेली बघून ते जिने चढून आले होते. हातात अर्धा डोनट होता. तो कुठं ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. “चिकटपट्टी, मॅडम. सगळ्यांनी लावलीय. शुक्रवारी मीही लावली होती. रस शिडीवर अडकलेला मला दिसला. मी ओरडलो, हात हलवले, आणि ओरडता ओरडता आठवलं, की पट्टी काढायला हवी. ती निघेपर्यंत...” त्यांनी डोनट खिशात कोंबला. “रसला उशीर झाला नव्हता. वारा होता. माझा दिवा विझायला हवा होता, तो विझला नाही. म्हणून आज मी पट्टी लावली नाही.”

त्या दिवशी खेळ झालाच नाही. बाईंनी दाराला लाल कागद चिकटवला आणि क्रूगरांना वरच्या मजल्यावर बोलावणं आलं. ते परत पाट्यापाशी आलेच नाहीत.

मंगळवारी मागच्या अंगणात सगळे जमले. चाचे होते, आरमारातले खलाशी होते, पाण्याखाली हवेची नळी धरून कप्तानाची वाट बघणारा पाणबुड्या होता, सहाही पाहणारे होते. बाबा आईच्या आधारानं आला, तसा इतका गलका झाला, की रस्त्यावरचे लोक थांबून आत डोकावू लागले.

“लेडबेटर, तुम्ही वेळेवर होतात,” हॅस्केलबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. “माझ्या अहवालात तसं लिहिलंय. आणि हेही लिहिलंय, की माझ्या तपासणीत जे सुटलं, ते तीन मुलांनी पकडलं.”

“चार जणांनी,” पर्ल म्हणाली. “डोनटवालीनं उधार दिले होते!”

सगळे हसले. चाच्यांच्या सरदारानं डँटेला खांद्यावर बसवलं. लिगायामावशीनं “उतर खाली, पडशील!” म्हणत डोळे पुसले. मग हॅस्केलबाईंनी कोराच्या डोक्यावर हात ठेवला.

“आणि ही मुलगी! सगळं जग म्हणत होतं चूक वडिलांची, पण हिचा विश्वास क्षणभरही ढळला नाही. अशी लेक हवी!”

टाळ्या वाजल्या. कोरा हसली नाही. तिला तिथं उभं राहवेना. ती सरकत सरकत तळ्याच्या बाजूला गेली. राणीचं जहाज पाण्यावर रिकामं उभं होतं आणि वाऱ्यानं शिडी हलत होती.

बाबा मागून आला. “पळालीस का?”

“असंच.”

“डॉक्टर म्हणाले, हा कान आता पाण्याखाली न्यायचा नाही. कधीच.” तो जहाजाकडे बघत म्हणाला. “आता नवा कप्तान बुडणार. पण लोक म्हणतील, जुना वेळेवर उतरायचा. तेवढं तू मला परत मिळवून दिलंस. बाई म्हणाल्या ते खरंय.”

कोरा काहीतरी पुटपुटली.

“काय? त्या बाजूनं ऐकू येत नाही गं. मोठ्यानं बोल.”

ते तसंच सोडून देता आलं असतं. बाबाला ऐकूच आलं नव्हतं. कोरानं शिडीकडे बघितलं, मागच्या हसणाऱ्या गर्दीकडे बघितलं. मग ती बाबाला वळसा घालून त्याच्या उजव्या कानापाशी आली.

“खरं नाहीये ते, बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली. “शुक्रवारी दवाखान्यात क्रूगर म्हणाले ना, तुला उशीर झाला, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पर्लनं हात हलवून दाखवेपर्यंत वाटत होतं. मी कुणालाच सांगितलं नाही. तुला सांगतेय.”