अकरा सेकंद

तो दुकानात शिरला तो थेट माझ्यावरच धडकला. फिल्मचे डबे फरशीभर घरंगळले, आणि आम्ही दोघं काउंटरखाली गुडघ्यांवर!

"पोर्ट्रेटला कुठली फिल्म घेऊ?" त्याने तिथूनच विचारलं.

"आधी उठा तरी!"

तो हसला... आणि माझं काही खरं राहिलं नाही.

मी त्याला शंभर स्पीडची फिल्म दिली. तिचा दाणा बारीक, चेहरा मऊ येतो. मग तो दर शनिवारी येऊ लागला. एकदा चाचरत म्हणाला, "माझ्यासमोर बसाल का? चाचणीपुरतं..."

"माझं तोंड मी रोज आरशात बघते हं."

"आरशाला काय कळतंय!"

बसले. मागच्या खोलीत, खिडकीशी. त्याने दोन बोटांनी माझी हनुवटी वळवली, तेव्हा बाहेर गल्ल्यावर बसलेले बाबा मुद्दाम खोकले.

नंतर आमच्याच डार्करूममध्ये, लाल दिव्याखाली, आम्ही कागद निवडायला बसलो. चकचकीत, मॅट, काळं-पांढरं ठळक उठवणारा कडक, सगळं सौम्य करणारा नरम... एकेका पट्टीवर माझाच चेहरा.

"कडक कागदावर तुमचे डोळे भांडखोर दिसतात."

"दिसतात काय, आहेतच!"

शेवटी नरम मॅट कागद, प्रकाश अकरा सेकंद. ट्रेमधल्या रसायनातून मी हळूहळू वर आले. इतकी सुंदर मी जन्मात दिसले नव्हते. उभ्या उभ्या मनात संसार थाटून मोकळी झाले.

"जमलं!" तो म्हणाला. "तिचा रंग अगदी तुमच्यासारखाच आहे. पुढच्या महिन्यात लग्न आमचं. तिचा फोटो काढताना तिला ताटकळत ठेवायला नको, म्हणून तुम्हाला त्रास दिला."

त्रास! बरा शब्द सापडला त्याला.

आठवड्याने तो तिची फिल्म घेऊन आला. "प्रिंट तुम्हीच काढा, माझा हात बसलेला नाही." माझा हात कडक कागदाच्या पाकिटावर गेला. त्यावर तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं चांगली उठून दिसली असती. खोटं कशाला बोलू, मोह झाला. पण नरमच घेतला. अकरा सेकंद मोजले.

ती वर आली. देखणी होती. तो बराच वेळ बघत राहिला.

"तुमच्यासारखा नाही आला," तो पुटपुटला. "काहीतरी कमी आहे... कागद चुकला का?"

"कागद तोच, सेकंदही तेच," मी म्हटलं. "माझं तुमच्यावर प्रेम होतं, एवढाच फरक."

फोटो वाळायचा होता, तो तसाच ओला घेऊन गेला. पुन्हा आला नाही. शंभरची फिल्म मागायला कुणी आलं, की आता मी बाबांना हाक मारते.