फाटकापाशी उभा असलेला

पहिलं कडवं

सासरा थडग्यांचे दगड कोरायचा. लग्नात त्याने आम्हाला जोडदगड दिला. डावीकडे माझं नाव, डिलार्ड, उजवीकडे ओर्लीनाचं, खाली मृत्यूच्या तारखांसाठी गुळगुळीत मोकळी जागा. टेकडीवर, त्यांच्या घरच्या थडग्यांत तो उभा केला; करताना एका कोपऱ्याचा टवका उडाला. दर मे महिन्यात आम्ही तिथलं गवत काढायचो, फुलं ठेवायचो. ओर्लीना माझ्या नावावर टिचकी मारून म्हणायची, "पळून जाशील कुठे?"

शनिवारी दुपारी आम्ही गावच्या रेडिओवर गायचो. ती गिटार, मी फिडल, म्हणजे व्हायोलिनच. त्या हिवाळ्यात तिने नवं गाणं बांधलं. कोळशाच्या खाणीतला एक संपकरी, त्याच्या मागावर कंपनीचे पहारेकरी, आणि बापाला न जुमानता त्याच्यासाठी खिडकी उघडी ठेवणारी मुलगी.

*फाटकापाशी उभा कशाला, आत ये ना, आत ये*

मी विचारलं, हा कोण? ती म्हणाली, गाण्यातला आहे, वेड्या.

रेडिओवर कोणाला काही दिसत नाही. तरी त्या गाण्याआधी ती लिपस्टिक लावायची.

दुसरं कडवं

दुकानात शेजारच्या झेल्फी काकू भेटल्या. गाण्यातल्या संपकऱ्याच्या भुवईवरच्या व्रणाचं कडवं फार आवडलं म्हणाल्या. असं कडवं गाण्यात नव्हतं.

मग रेडिओवरचा निवेदक म्हणाला, "तो तिसरा कोण आणलात? खर्जातला. छान मिसळतो."

आम्ही दोघंच होतो. ओर्लीना लाजली. माझ्यासाठी ती कधी लाजली नव्हती.

घरी फाटकाबाहेर बर्फात बुटांचे ठसे होते. ठशांत कोळशाची भुकटी. ठसे घराकडे तोंड करून थांबलेले. आले कुठून, ते दिसत नव्हतं.

"खिडकी लाव," मी म्हटलं.

"लावते," ती म्हणाली. लावली नाही.

तिसरं कडवं, माझं

आमच्या केंटकीत दुसऱ्याच्या गाण्याला कोणी शेवट लावत नाही. पुढच्या शनिवारी ध्रुवपदानंतर तिने श्वास घेतला, तेवढ्यात मी माइकपाशी सरकलो.

*पहारेकऱ्याचा नेम लागला, फाटकापाशी तो पडला*

ओर्लीनाने गिटार खाली ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही. मला हलकं वाटलं.

ध्रुवपद

घरी पोचलो तर ओसरीवर बायका जमलेल्या. झाकलेली भांडी. घेवडा, मक्याचा पाव, कोंबडीचा रस्सा. मयताच्या घरी करतात तसं कोणीतरी घड्याळ थांबवलं होतं, आरशावर चादर टाकली होती.

झेल्फी काकूंनी ओर्लीनाला पोटाशी धरलं. "नवरा गेला की काय उरतं गं पोरी. क्लेटन गुणी होता."

गाण्यातल्या त्याला मी नाव दिलं नव्हतं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू आलास ते बरं केलंस, डिलार्ड. हिच्या गाण्याला साथ तरी राहील."

मी ओर्लीनाकडे पाहिलं. ती रडत होती. रुमालाआड नाही, आवाज काढून, जिवाचं माणूस गेल्यासारखी.

कडवं नाही

मे महिना. टेकडी.

दगड तोच. कोपऱ्याचा टवका तोच.

उजवीकडे ओर्लीना, खाली जागा मोकळी.

डावीकडे क्लेटन. त्याची तारीख कोरलेली, आणि खाचांमध्ये जुनं शेवाळ.

ती लिपस्टिक लावून आली होती. गुडघ्यांवर बसली. त्याच्या नावावर टिचकी मारली.

"पळून जाशील कुठे?"

मग मागे न बघता मला म्हणाली, "वाजव ना. त्याला आवडायचं."

मी वाजवलं. ती गायली.

दगडाखालून खर्ज लागला.

छान मिसळतो.