टोपीवरून बांधलेला पट्टा

हितमापकावर शून्य उमटलं, तेव्हा वैजयंतीला केवढं हायसं वाटलं होतं!

कंपवातावर जुन्या गोळ्या बऱ्या की नवं मेंदूरोपण, हे तिच्या मिरजेच्या प्रयोगशाळेत ठरायचं होतं. प्रत्येक परीक्षकाला आधी दोन्ही संभाव्य निकाल दाखवत. ज्यात त्याचा लाभ, तो पाहून मेंदूतलं सुखकेंद्र चमके आणि हितमापक त्याला घरी पाठवी. मतं पडली दोन इकडे, दोन तिकडे. पाचवे परीक्षक तिचे गुरू डॉ. बोकील; हितमापकावरचं ते शून्य त्यांचंच, आणि त्यांच्या मताने रोपण जिंकलं. त्याच भरवशावर तिने ते धाकट्या भावाच्या, श्रीरंगच्या डोक्यात बसवून घेतलं.

आज रोपण बनवणाऱ्या कंपनीने निकालाआधीच ते फुकट दिलेल्यांची यादी तिच्या हाती आली होती. पहिलंच नाव बोकीलांचं.

"सर, टोपी काढता?"

परीक्षकाचं डोकं उघडं करून तपासायचं, असा नियम होता. पण गुरूंच्या टोपीला हात कसा घालायचा? तिने त्या दिवशी हितमापकाचा पट्टा टोपीवरूनच बांधला होता. आता त्यांनी टोपी काढली, तर खाली बोटभर व्रण दिसला.

"हात फार कापायचे गं," बोकील म्हणाले. "पण खोटं नाही बोललो. कुठल्याच निकालाचा मला आनंद झाला नाही."

"होणार कसा? रोपण कंप थांबवतं, ते सुखकेंद्र दाबूनच ना? ज्याच्या डोक्यात ते, तो यंत्रापुढे कायमचा निःस्वार्थी! आणि रुग्णांची मनं विझताहेत, हेही तुम्हाला दिसलं नाही?"

"मला सगळं ठीकच वाटलं."

"तुम्ही माझा गळा कापलात, सर."

"हो, तसं झालंय खरं," ते शांतपणे म्हणाले. "मला वाईट वाटायला हवं, नाही का?"

वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, त्यांच्यावर रागवायचीही सोय उरली नव्हती.

ती श्रीरंगकडे धावली. तो पेट्या दुरुस्त करायचा. एक सूर उतरला तरी घर डोक्यावर घ्यायचा. समोरच्या पेटीचा पंचम चक्क उतरला होता आणि तो स्थिर हातांनी तीच पट्टी दाबत बसला होता.

रोपण काढता येत होतं. मात्र कुणी रुग्णावर दबाव आणू नये म्हणून त्याची स्वतःची इच्छा हितमापकावर उमटावी लागे. तो नियम वैजयंतीनेच लिहिला होता.

तिने पट्टा त्याच्या उघड्या डोक्याला नीट बांधला. "श्री, तुला फसवलं रे मी. काढून टाकायचं ना हे?"

"तू म्हणशील तसं, ताई."

यंत्रावर शून्य उमटलं.