उत्तराची जागा

सॅक्सोफोन वाजवणाऱ्या माणसाला खोकला परवडत नाही, आणि मामांना तो कित्येक महिने पुरून उरला होता. कोरडा, दोन ठसक्यांचा, आणि शेवटी दार करकरावं तसा एक ओढलेला सूर. मामी म्हणायच्या, "घशातून येतो तेवढा ब्लूज त्या वाद्यातून आला असता, तर एव्हाना नाव झालं असतं तुमचं."

झोंबायचं, कारण खरं होतं. मामांचं जे काही नाव होतं, ते पंचविशीत काढलेल्या एकुलत्या एका जॅझच्या रेकॉर्डवर. चकाचक वादन, सूर अगदी परीटघडीचे. ओढ मात्र जन्मभर ब्लूजची. तिथे सूर सरळ उभा राहत नाही. दुखऱ्या पायावर भार पडावा तसा खाली झुकतो. मामा झुकवायला जायचे आणि सूर ताठच्या ताठ. "तुमचं रडणंसुद्धा इस्त्री होऊन येतं," इति मामी.

आता कंपनी ती रेकॉर्ड नव्याने काढत होती आणि शेवटी एका नव्या तुकड्यापुरती जागा होती. ब्लूजच वाजवीन, असा मामांनी हट्ट धरला. कंपनीच्या माणसाने "आजच्या दिवसात झालं तर बघू" म्हटलं. वडीलधाऱ्यांना 'नाही' म्हणायची ही सभ्य पद्धत.

स्टुडिओ भाच्याचा. भिंतींना स्पंज, जुन्या गालिच्याचा कुबट वास, आणि जिथे ठेवू नये असं त्याने स्वतःच लिहून लावलं होतं, नेमका तिथेच त्याचा चहाचा कप.

"छान झालं, मामा."

"छान नकोय मला! सकाळपासून छानच होतंय."

"मग जरा दम खा. तुमची जुनी टेप ऐकू."

मूळ रीळ त्याने कोपऱ्यातल्या मशीनवर चढवलं. ते फक्त ऐकवायचं. चुकून कुणी जुनं पुसू नये म्हणून त्याचं रेकॉर्ड करणारं हेड भाच्याने स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं.

तिसऱ्या तुकड्यात एक सूर हळूच खाली घसरला.

"हे मी वाजवलेलं नाही," मामा म्हणाले.

"टेप ताणली असेल."

"मग पियानो का नाही घसरला?"

भाच्याने टेप मागे नेऊन पुन्हा लावली. या वेळी अख्खी ओळ झुकली. मग सॅक्सोफोन थांबला. पियानो, ड्रम चालूच. पुन्हा एक झुकलेली ओळ, पुन्हा तेवढीच शांतता.

ब्लूजची रीतच ती. एकाने विचारायचं आणि उत्तराला जागा सोडायची.

"मामा, रेकॉर्डवर इथे जागा नव्हती."

"मला सांगतोस?"

मामांना भीती वाटायला हवी होती. वाटला तो संताप. आपण जन्मभर झिजलो, आणि टेपवरचा तो पंचविशीतला पोरगा, म्हणजे आपणच, तिथून शिकवतोय! ते तरातरा काचेपलीकडे गेले, सॅक्सोफोनच्या तोंडाची रीड जिभेवर भिजवली, हेडफोन चढवला.

"नवी टेप चालू कर. आणि ह्याला माझ्या कानात सोड."

टेपवरच्या पोराने विचारलं. मामांनी उत्तर दिलं.

सूर झुकला.

पुन्हा झुकला. बरगड्यांच्या आत कुठेतरी दुखलं, आणि ते दुखणं इस्त्री न होता बाहेर आलं. काचेपलीकडे भाचा उभाच राहिला होता. शेवटचा सूर विरला आणि मामांना खोकला आला. दोन ठसके, मग दार करकरलं. ते डोळे पुसत हसले.

"आला ना रे?"

"आला, मामा! आला!"

नवी टेप लावली.

सूर स्वच्छ होते. सरळ. परीटघडीचे.

खोकला नव्हता.

भाच्याने दोनदा तपासलं. मग कोपऱ्यातली टेप लावली. तिसऱ्या तुकड्यात आता जागा शिल्लक नव्हती. प्रश्न होता, उत्तर होतं. शेवटच्या सुरानंतर दोन ठसके.

आणि दार करकरलं.

भाच्याने मशीनमधल्या हेडच्या रिकाम्या खाचेत बोट घालून पाहिलं. खाच रिकामीच होती.

संध्याकाळी कंपनीचा माणूस दोन्ही ऐकून गेला. "काय वाजवायचात हो तेव्हा! काटा आला अंगावर. खोकलासुद्धा ठेवू, जिवंत वाटतो." मग समजुतीच्या सुरात, "नवीनही... नीटनेटकं आहे."

मामा घरी येऊन खुर्चीत बसले. मामींनी पाणी पुढे केलं आणि थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"अहो, आल्यापासून एकदाही खोकला नाहीत तुम्ही."

मामांनी मुद्दाम खोकून पाहिलं. घशातून नुसती स्वच्छ, सरळ हवा आली.